परीकथेतील सौंदर्य : वर्णन की निवाडा?

१

परीकथांच्या स्त्रीवादी समीक्षेचा आरंभ ज्या वादापासून मोजला जातो, तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. १९७० मध्ये ॲलिसन ल्युरी यांनी असे प्रतिपादन केले, की लोककथांच्या परंपरेत धीट, चतुर आणि कर्त्या स्त्रियांचा तुटवडा नाही; तेव्हा या कथा मुलींच्या हाती देण्याने मुक्तीच्या विचाराला बाध येत नाही. १९७२ मध्ये मार्सिया लीबरमन यांनी त्याला उत्तर दिले. संग्रहांच्या अडगळीत पडलेल्या कथा काय सांगतात यापेक्षा प्रत्येक मुलीच्या कानांवर पडणाऱ्या मोजक्या कथा काय शिकवितात हे महत्त्वाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अँड्र्यू लँग यांच्या १८८९ मधील ‘ब्लू फेअरी बुक’च्या आधारे त्यांनी दाखवून दिले, की या कथांच्या गाभ्याशी एक सौंदर्यस्पर्धा सतत चालू असते आणि नायिकेला जे मिळते ते बव्हंशी या स्पर्धेचे पारितोषिक म्हणून मिळते.

लीबरमन यांच्या या मांडणीचे पुढे वर्गांतून आणि प्रबंधांतून एक सुटसुटीत सूत्र झाले : परीकथेत सुंदर ती सुष्ट आणि कुरूप ती दुष्ट. सूत्र खोटे नाही. पण ज्या दोन कथांचा दाखला त्यासाठी हमखास दिला जातो, त्याच कथांच्या संहिता उघडून पाहिल्या तर ते टिकत नाही. ‘हिमगौरी’तील दुष्ट राणी सुंदर आहे, आरसा तिला एकदाही कुरूप म्हणत नाही. ग्रिम बंधूंच्या ‘सिंड्रेला’तील सावत्र बहिणीही सुंदरच आहेत. ‘कुरूप बहिणी’ ही एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पँटोमाइमने लोकप्रिय केलेली आणि १९५० च्या डिस्ने चित्रपटाने जगभर पोहोचविलेली कल्पना होय. समीक्षेने ज्या समीकरणाचा आरोप ग्रिमच्या संहितेवर ठेवला, ते समीकरण या दोन ठिकाणी तरी संहितेत नसून तिच्या नंतरच्या आवृत्त्यांत आहे. परीकथेला निर्दोष ठरविण्यासाठी ही नोंद केलेली नाही. आरोप चुकीच्या कलमाखाली दाखल झाला आहे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

२

माक्स ल्युथी यांनी युरोपीय लोककथेच्या शैलीचा विचार करताना एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. लोककथा सौंदर्याचे वर्णन जवळजवळ करीतच नाही. नायिका ‘अतिशय सुंदर’ असते, ‘सूर्यासारखी’ असते. तिचे डोळे, नाक, बांधा यांविषयी कथा मौन पाळते. जे सांगितले जाते ते सौंदर्याच्या परिणामाविषयी : पाहणारा दिपतो, मूर्च्छित होतो, राज्य ओवाळून टाकतो. नखशिखान्त वर्णनाच्या संस्कृत-मराठी परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही रिक्तता चटकन जाणवावी.

वर्णन नाही तर मग सौंदर्य सिद्ध कसे होते? ते कोणाच्या तरी निवाड्याने सिद्ध होते. येथे मराठी समीक्षेला परिचित असलेली एक संकल्पना उपयोगी पडते. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविधानाच्या तार्किक स्वरूपाची जी चर्चा केली, तिचा एक मोठा आधार कांट होता. कांटच्या मते अभिरुचीचे विधान निर्हेतुक असते, एका वस्तूपुरते असते आणि कोणत्याही संकल्पनेच्या नियमाखाली वस्तू आणून ते केलेले नसते. हिमगौरीच्या कथेतील आरशाचे विधान या तीनही बाबतींत नेमके उलटे आहे. ते हेतूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते एका स्त्रीविषयी नसून दोघींमधील तुलनेविषयी आहे. आणि ‘साऱ्या देशात’ ही त्याची कक्षा आधीच ठरलेली आहे. आरसा राणीला सांगतो, की येथे तूच सर्वांत सुंदर आहेस, पण डोंगरापलीकडची ती तुझ्याहून हजारपटींनी सुंदर आहे. ‘सुंदर’ या विशेषणाला येथे किंमत नाही; किंमत आहे ती ‘सर्वांत’ या क्रियाविशेषणाला. (मर्ढेकरांपासून पाटणकरांपर्यंतची मराठी सौंदर्यचर्चा प्रामुख्याने कलाकृतीभोवती फिरली. माणसाच्या चेहऱ्यावर समाज जो भाव लावतो, तो तिच्या कक्षेत क्वचितच आला.)

गिल्बर्ट आणि गुबर यांनी १९७९ मध्ये या आरशातून येणारा आवाज अनुपस्थित राजाचा, म्हणजे पितृसत्तेचा आवाज आहे, असा अन्वयार्थ लावला. तो प्रभावी आहे. मात्र त्यात एक दुवा निसटतो. कथेच्या आरंभी बर्फ पडत असताना खिडकीशी शिवत बसलेली राणी बोटाला सुई टोचून घेते आणि बर्फासारखे पांढरे, रक्तासारखे लाल, आबनुसासारखे काळे मूल मागते. आरसा बोलू लागण्याआधीच मानदंड उच्चारला गेला आहे, आणि तो आईने उच्चारला आहे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही इच्छा करणारी आणि पुढे मुलीचा जीव घेऊ पाहणारी स्त्री एकच होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सख्खी आई प्रसूतीनंतर मरते आणि तिच्या जागी सावत्र आई येते. मातृत्वाची प्रतिमा डागाळू नये म्हणून हा बदल झाला, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. पण या बदलाने कथेतून काय गेले याचा विचार तितकासा झालेला नाही. पहिल्या आवृत्तीत एक भयंकर वर्तुळ पूर्ण होत होते : ज्या मापाने आईने मुलगी मागितली, त्याच मापाने सात वर्षांनी ती स्वतः मोजली जाते आणि कमी भरते. हिमगौरी त्या वेळी अवघी सात वर्षांची आहे, हे कथा स्पष्ट सांगते. मत्सराचे मूळ व्यक्तीच्या दुष्टपणात नसून मापातच आहे, हे १८१२ ची संहिता दाखवून देत होती. विल्हेल्म ग्रिमच्या संस्काराने तो दोष ‘सावत्र’ या शब्दाच्या पदरात टाकून दिला.

राणीची हत्यारेही या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. सफरचंद सर्वांना आठवते. त्याआधीचे दोन प्रयत्न मात्र काचोळी आवळण्याच्या रंगीत रेशमी नाडीने आणि विषारी कंगव्याने झालेले आहेत. बुटक्यांनी बजावूनही मुलगी दोन्ही वेळा दार उघडते, कारण दारात आलेली वस्तू नटण्याची आहे. नाडी इतकी घट्ट आवळली जाते की तिचा श्वास कोंडतो. सौंदर्यसाधनाने जीव जाण्याची ही प्रतिमा कोणा आधुनिक लेखिकेने उपरोधाने रचलेली नाही. ती कथेतच आहे. शेवटी काचेच्या पेटीत निश्चल पडलेली हिमगौरी राजपुत्राला दिसते, आणि पेटी विकत मिळेल का, असे तो विचारतो. बुटके विकत देत नाहीत, दया येऊन भेट देतात. व्यवहाराची भाषा मात्र बोलली गेलेली असते.

३

‘सिंड्रेला’मध्ये आरशाची जागा बूट घेतो. या कथेतील एक विसंगती इतकी उघड आहे की ती सहसा नजरेतून सुटते. ग्रिमच्या पाठात राजपुत्र नायिकेबरोबर तीन रात्री नाचतो, दुसऱ्या कोणाशी नाचत नाही. तिच्यासारखी सुंदर मुलगी कोणी पाहिलेली नाही, असे सारे म्हणतात. पण अंगठा कापून बूट चढविलेली थोरली बहीण समोर येते तेव्हा तो तिलाच नवरी समजून घोड्यावर घेतो. टाच कापलेल्या धाकटीच्या बाबतीतही तेच. दोन्ही वेळा त्याला सत्य कळते ते कबुतरांनी ओरडून बुटातले रक्त दाखविल्यावर. खऱ्या नायिकेच्या चेहऱ्याकडे तो पाहतो आणि तिला ओळखतो, तेही बूट पायात बसल्यानंतर. ज्या अद्वितीय सौंदर्यावर सारी कथा उभी आहे, ते ओळख पटविण्याच्या कामी आलेले नाही. अद्वितीय म्हणून जे गौरविले जाते ते प्रत्यक्षात एका ठरीव साच्यात बसणे असते, आणि न बसणाऱ्याने अवयव कापून घ्यावा, असे आईच सांगते. राणी झाल्यावर पायी चालावे लागणार नाही, हे तिचे स्पष्टीकरण. येथेही माप आईच्या हातून मुलीपर्यंत येते.

मापाचा आणखी एक प्रकार अँडरसनच्या १८४३ मधील बदकाच्या कुरूप पिलाच्या कथेत दिसतो. ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे ही कथा मराठी बालमनात घर करून बसली आहे. ही लोककथा नव्हे, एका लेखकाची निर्मिती. तिच्यातील करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही पाण्यात प्रतिबिंब दिसताच पिलाला जे कळते ते ‘मापच चुकीचे होते’ हे नव्हे. आपण दुसऱ्या, वरच्या कुळातले आहोत, हे त्याला कळते. तळ्यात खरोखरच एखादे कुरूप बदक असते, तर त्याच्यासाठी या कथेजवळ काय आहे? जन्मावरून योग्यता ठरविण्याचा दीर्घ इतिहास असलेल्या समाजात हा प्रश्न केवळ बालसाहित्याचा राहत नाही.

४

रंगाच्या बाबतीत मात्र संहितेची सुटका सहजासहजी होत नाही. ग्रिमच्या संग्रहातील १३५ व्या कथेचे शीर्षकच ‘गोरी नवरी आणि काळी नवरी’ असे आहे. गरिबाच्या वेषात आलेल्या देवाशी उद्धट वागल्याबद्दल मायलेकींना शाप मिळतो तो रात्रीसारखे काळे आणि पापासारखे कुरूप होण्याचा. नम्र सावत्र मुलीला वर मिळतो तो दिवसासारखे गोरे होण्याचा. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणी १८१२ च्या आवृत्तीत चेहऱ्याने नुसत्या सुंदर होत्या. १८५७ च्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत त्या चेहऱ्याने सुंदर आणि गोऱ्या, पण मनाने ओंगळ आणि काळ्या झाल्या. येथे सौंदर्य आणि सद्गुण यांची फारकत आहे हे खरे. पण फारकत दाखविण्यासाठी वापरलेले रूपक पुन्हा रंगाचेच आहे.

भाषांतराने या रंगात भर घातली. आरशाला विचारलेल्या प्रश्नात जर्मन विशेषणाचा अर्थ केवळ ‘सुंदर’ एवढाच आहे. एडगर टेलर यांनी १८२३ मध्ये ग्रिमच्या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हापासून त्या जागी ‘फेअर’ हा शब्द रूढ झाला. या शब्दात सुंदर, गोरी आणि न्याय्य असे तीन अर्थ दाटीने राहतात. २०२५ च्या डिस्ने चित्रपटाने यांतला तिसरा अर्थ पुढे आणून आणि नायिकेच्या नावाचा संबंध हिमवादळातील जन्माशी जोडून दुसऱ्या अर्थातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. हा प्रयत्न प्रामाणिक असेल; पण तो शब्दाच्या अनेकार्थतेवर चालतो, कथेतील तुलनेला हात लावीत नाही.

मराठीत या कथा बव्हंशी इंग्रजीमार्गे आल्या आणि नायिकेचे ‘हिमगौरी’ असे नामकरण झाले. नाव सुरेख आहे, याविषयी दुमत नसावे. हिमालयाची कन्या गौरी, तिचे भाद्रपदातील आगमन, माहेरवाशिणीचे लाड हे सारे त्या नावातून नकळत जागे होते, आणि परकी राजकन्या घरची होऊन जाते. पण मूळ कथेतील पांढरेपणा लाल आणि काळ्या रंगांशी जोडलेला होता. तीन रंगांच्या त्या रचनेत तो एक घटक होता. मराठी नावाने त्यातील एकच रंग उचलला आणि त्याला देवीचे नाव दिले. ज्या समाजात स्थळे पाहताना ‘मुलगी गोरी आहे का’ हा प्रश्न शिक्षणाच्या आधी विचारला जाई आणि कित्येक घरांत अजूनही विचारला जातो, तेथे हे भाषांतर निरागस राहणे कठीण होते. जर्मन शेतकऱ्याच्या कल्पनेत बर्फ हा दर हिवाळ्यात दारात येणारा पदार्थ होता. मराठी मुलीच्या कल्पनेत तो केवळ रंग झाला.

५

परीकथेची परंपरा या मानदंडाविषयी अगदीच अजाण होती का? तसे म्हणता येत नाही. जांबात्तिस्ता बाझीले यांच्या नेपल्सच्या बोलीत लिहिलेल्या आणि १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या संग्रहात, पहिल्या दिवसाची दहावी कथा दोन म्हाताऱ्या बहिणींची आहे. राजा त्यांचे दर्शन न घेताच, केवळ तर्काने, त्या तरुण असाव्यात असे समजून वेडा होतो. चोखून चोखून गुळगुळीत केलेले एक बोट दाराच्या किल्लीच्या छिद्रातून त्याला दाखविले जाते, आणि तेवढ्यावर तो शय्येचे आमंत्रण देतो. उजेड केल्यावर सुरकुत्या दिसताच तो त्या म्हातारीला खिडकीबाहेर फेकतो. झाडाला अडकलेल्या तिला पाहून पऱ्यांना हसू येते, आणि त्या हसण्याची बिदागी म्हणून त्या तिला तारुण्य व रूप बहाल करतात. ती राणी होते. दुसरी बहीण रूपाचे रहस्य विचारून विचारून तिला भंडावते, तेव्हा ती म्हणते, कातडी सोलून घेतली. बहीण न्हाव्याकडे जाते आणि सोलून घेता घेता मरते.

या कथेला क्रूर विनोद म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, आणि बाझीलेचा कथक म्हातारीची टवाळी करतो यातही शंका नाही. तरीही कथेतील कोणतीही घटना सौंदर्याला अंगभूत गुण मानीत नाही. राजाचे प्रेम एका बोटावर जडलेले आहे, पऱ्यांची कृपा एका हशावर अवलंबून आहे, आणि दोघी बहिणींच्या दैवात पडलेले अंतर निव्वळ यदृच्छेचे आहे. १९३७ च्या डिस्नेकृत हिमगौरीपेक्षा सतराव्या शतकातील ही कथा सौंदर्याच्या बाजाराविषयी अधिक जाणती आहे.

दुसरा प्रवाह सौंदर्य लपविणाऱ्या नायिकांचा. शार्ल पेरो यांच्या १६९४ मधील ‘गर्दभचर्मा’च्या कथेत मरणोन्मुख राणी राजाकडून वचन घेते, की माझ्याहून सुंदर आणि शहाणी अशीच स्त्री वरावी. शोध घेता घेता अशी स्त्री एकच निघते, ती म्हणजे पोटची मुलगी. ‘सर्वांत सुंदर’ या अटीचे तर्कशास्त्र निमूटपणे पाळीत गेल्यास ते कोठे पोहोचते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल. राजकन्या गाढवाचे कातडे पांघरून पळून जाते. ए. के. रामानुजन यांनी अभ्यासलेली ‘हंची’ ही कन्नड कथा या प्रवाहातली आहे, आणि ती तर महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या भाषेतली. तेथे भावाची दृष्टी बहिणीच्या सोनेरी केसांवर फिरते. आई मुलीच्या चेहऱ्यावर मातीचा मुखवटा चढवून तिला दूर धाडते आणि ती त्याच वेषात चाकरी करून राहते. या कथांच्या शेवटी मुखवटा उतरतो आणि विवाह होतो, त्यामुळे त्यांना बंडखोर म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कुरूपता ही येथे शिक्षा नाही, ते एका मुलीचे आश्रयस्थान आहे. आणि सौंदर्य हे बक्षीस नसून घरातल्या घरात उद्भवलेले संकट आहे. लीबरमन यांच्या सूत्रात हा अनुभव मावत नाही.

पेरोच्याच १६९७ च्या संग्रहातील ‘झुलपांचा रिके’ ही कथा उदारमतवादी म्हणून नावाजली जाते. रिके कुरूप आणि बुद्धिमान. राजकन्या सुंदर आणि मंद. तो तिला बुद्धी देतो, ती त्याला रूप देते. हा चमत्कार परीचा नसून प्रेमाच्या दृष्टीचा असावा, अशी पुस्तीही निवेदक जोडतो. कुरूप पुरुषाला प्रेमाची दृष्टी मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु या राजकन्येला एक धाकटी बहीण आहे, कुरूप आणि अत्यंत बुद्धिमान. मेजवान्यांत लोक आधी थोरलीभोवती जमतात आणि थोड्याच वेळात धाकटीचे बोलणे ऐकायला तिच्याकडे वळतात. थोरलीला बुद्धी मिळते त्या दिवशी धाकटीजवळचे एकमेव भांडवल संपते. बहिणीशेजारी ती आता एखाद्या ओंगळ माकडिणीसारखी दिसू लागली, असे निवेदक सांगतो. त्यानंतर तिचा उल्लेख येत नाही. तिच्याकडे प्रेमाच्या दृष्टीने पाहणारा कोणी कथेने पाठविलेला नाही.

६

लीबरमन यांचा आक्षेप येथे पुन्हा उभा राहतो : बाझीलेची म्हातारी आणि पेरोची गर्दभचर्मा किती मुलींना ठाऊक असतात? आक्षेप रास्त आहे, आणि तो उत्तरार्धात अधिक बळकट झाला. लोरी बेकर-स्पेरी आणि लिझ ग्राउरहोल्झ यांनी २००३ मध्ये ग्रिमच्या १६८ कथांची पाहणी करून असे दाखविले, की विसाव्या शतकात पुनःपुन्हा छापल्या गेलेल्या आणि चित्रित झालेल्या कथांत स्त्रीच्या रूपाचे उल्लेख अधिक आहेत. मात्र या निष्कर्षाचा रोख लोककथेइतकाच, किंबहुना अधिक, निवड करणाऱ्यांवर जातो. शेकडो कथांतून आरशाची आणि बुटाची कथा उचलणारे संपादक, चित्रकार, निर्माते, पाठ्यपुस्तक मंडळे यांचा अभ्यास परीकथेच्या समीक्षेत अद्याप तळटीपेपुरताच राहिला आहे.

मागे पडलेल्या कथांपैकी एकीचा निर्देश करणे आवश्यक आहे. आस्ब्यर्नसेन आणि मू यांनी संकलित केलेल्या ‘लुर्वेहेत्ते’ या नॉर्वेजियन कथेत राणीला दोन फुलांपैकी सुंदर तेवढे खाण्यास सांगितलेले असते. ती दोन्ही खाते. तिला प्रथम जी मुलगी होते ती हाती लाकडी डाव घेऊन, बोकडावर बसूनच जन्माला येते, कुरूप आणि दांडगी. पाठोपाठ जन्मलेली जुळी बहीण गोड आणि देखणी. राक्षसिणी या देखण्या बहिणीचे डोके पळवून तिथे वासराचे डोके बसवितात तेव्हा लुर्वेहेत्ते एकटी गलबत घेऊन जाते आणि डोके परत आणते. दोघींमध्ये स्पर्धा नाही, हेच या कथेचे वेगळेपण. शेवटी लग्नाच्या वरातीत राजपुत्र तोंड पाडून शेजारून चालला असतो. बोलत का नाहीस, असे ती विचारते. काय बोलू, असे तो म्हणतो. तेव्हा काय विचारावे हे तीच त्याला शिकविते : हा कुरूप बोकड कशाला, असे विचार. तो विचारतो. हा कुरूप कुठे, हा तर उमदा घोडा, असे ती म्हणते, आणि घोडा होतो. डावाचे, टोपीचे असेच होते. शेवटचा प्रश्न तिच्या चेहऱ्याविषयी.

राणी आरशाला विचारते. ही राजपुत्राला प्रश्न पढविते आणि उत्तर स्वतः देते. निवाड्याची सत्ता वस्तूकडून व्यक्तीकडे, पाहणाऱ्याकडून पाहिल्या जाणाऱ्याकडे येण्याचा असा क्षण परीकथेत दुर्मिळ आहे. ते उत्तर मात्र लक्षपूर्वक वाचावे लागते. मी कुरूप कुठे, असे म्हणून ती थांबत नाही. माझ्या बहिणीपेक्षा मी दहापटींनी देखणी आहे, असे ती म्हणते. जिचे डोके तिने राक्षसिणींकडून सोडवून आणले, तीच ही बहीण.